सोडलं किती आणि पोचलं किती

(टेमघर येथे भरलेल्या आपल्या संघाच्या वार्षिक सभेत संघाच्या हिशोबनीस ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांनी मागणी केली म्हणून त्या बोलल्या तसंच छापत आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.)

मागे बसलेल्या बायांनो, जरा पुढे सरका. जागा आहे. जेवण तयार आहे, मला माहीत आहे. भाताचा वास इथपर्यंत येतोय. मी फार वेळ घेणार नाही, पण जे बोलायचंय ते पूर्ण बोलणार आहे.

आत्ताच सचिवताईंनी वर्षाचा अहवाल वाचला. किती गट, किती बचत, किती कर्जवाटप, किती प्रशिक्षणं, परतफेड किती टक्के. प्रत्येक आकड्याला आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो अहवाल लिहायला मीच बसले होते, दोन रात्री. एकही आकडा खोटा नाही, हे मी शपथेवर सांगते. तरी आज मी त्या अहवालाविरुद्धच थोडं बोलायला उभी आहे.

आपण बसलोय ते टेमघर. इथलं जलशुद्धीकरण केंद्र सगळ्यांना ठाऊक आहे. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलतात, इथे टेमघरला ते स्वच्छ होतं आणि मोठमोठ्या नळांतून ठाण्याला, भिवंडीला, पार मीरा-भाईंदरपर्यंत जातं. आता मला सांगा, पाणी किती दिलं हे कसं कळणार? इथून किती सोडलं, हा एक आकडा झाला. आणि आपल्या दारातल्या हंड्यात किती आलं, हा दुसरा. दोन्ही आकडे खरे असतात. पण मधे नळ फुटलेला असेल तर पहिल्या आकड्यावर टाळ्या वाजवून आपला हंडा भरत नाही. पाण्याचं काम करणारे म्हणूनच दोन्हीकडे मीटर लावतात.

आपल्या अहवालात मीटर एकाच टोकाला आहे, सोडलं तिथे. कर्ज सोडलं, प्रशिक्षण सोडलं, मशीन सोडल्या, शेळ्या सोडल्या. बाईच्या हंड्यात काय पडलं, ते आपण मोजतच नाही. ही चूक मला कुणी पुस्तकातून शिकवली नाही. माझ्या हातून घडली म्हणून कळली.

शेळीचा रकाना नव्हता

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पाड्यावरच्या गटाचा हिशोब मी लिहीत होते. दहा-बारा जणींचा गट. बैठका नियमित, बचत नियमित, परतफेड नियमित. पंचसूत्री अशी की कुणीही येऊन वही उघडावी. त्या गटाला ‘अ’ दर्जा मिळाला होता आणि मी सगळीकडे तो मिरवत होते.

त्या गटातल्या एका बाईने चैत्रात कर्ज घेतलं. तिचं नाव सांगत नाही, ती आज सभेत नाही. वहीत मी लिहिलं, ‘कारण : शेळीपालन’. दोन शेळ्या आल्या. मी जाऊन पाहिल्या, फोटो काढला, फाईलला लावला. पावसात एक शेळी मेली. दुसरी तिने नवऱ्याच्या आजारपणात विकली. हप्ता मात्र थांबला नाही. एकही नाही. नवरात्राच्या सुमाराला तर तिने उरलेलं सगळं कर्ज एकदम भरून टाकलं. मुदतीच्या आधी! आम्ही बैठकीत तिचं कौतुक केलं. नारळ दिला. मी सगळ्यांना म्हटलं, बघा, हिच्याकडून शिका.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या बैठकीला ती आली नाही. पुढच्या बैठकीलाही नाही. आम्ही काय केलं? नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड लावला.

पहिला पाऊस पडायच्या बेतात ती परत आली, तेव्हा कळलं. तिने वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली होती. त्या उचलीतून गटाचं कर्ज फेडलं आणि दिवाळीनंतर नवराबायको, पोरांसकट, भट्टीवर गेले. पोरांची शाळा गेली. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळायची, बाकी सगळं उचलीत वळतं होत होतं. हंगाम संपला तरी उचल फिटली नव्हती. म्हणजे पुढच्या वर्षीही जाणं आलंच. आणि ती गेलीसुद्धा.

मी तिला विचारलं, “अगं, एवढं झालं, सांगितलं का नाहीस?”

ती म्हणाली, “ताई, तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही हप्ता आला का, एवढंच विचारता. तो आलाच होता ना?”

मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी वही उघडली. प्रत्येक पान बरोबर होतं. बेरीज चुकली नव्हती. परतफेड शंभर टक्के. पण हप्ता कुठून आला, हा रकाना वहीत नव्हता. शेळी जगली का, हाही नव्हता. आमच्या गटाचा सगळ्यात चांगला आकडा आणि त्या घराचं सगळ्यात वाईट वर्ष, दोन्ही एकाच ओळीत लिहिलेलं होतं. तिने वेळेत सांगितलं असतं तर आम्ही हप्ता पुढे ढकलला असता. तसा ठराव करायला पाच मिनिटं लागतात. आम्ही नारळ दिला.

तेव्हापासून मी एक गोष्ट शोधत राहिले. बाईच्या हंड्यात काय पडलं हे मोजायचं कसं? आणि आपल्यासारख्या, फार न शिकलेल्या बायकांनी ते कुठे केलंय का? केलंय. आपल्याच महाराष्ट्रात केलंय.

आशाताई घरी का येते?

तुमच्या सुनेचं, लेकीचं बाळंतपण झालं की आशाताई घरी येते ना? तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, अशी सहा आठवडे येत राहते. बाळाचं वजन करते, ताप बघते, ऊब आहे का, अंगावर पितंय का, विचारते. आपल्याला वाटतं सरकारची योजना आहे, मुंबईत नाहीतर दिल्लीत कुणीतरी ठरवली असेल. सरकारने २०११ सालापासून ती देशभर लागू केली हे खरं. पण तिचं मूळ गडचिरोलीच्या खेड्यांत आहे, तिथल्या बायकांनी लिहिलेल्या वह्यांत.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी औषधं वाटण्याच्या आधी मोजायला सुरुवात केली. राणीताईंनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली. त्या काळी बाईच्या आरोग्याचं काम म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढंच मोजलं जायचं. राणीताईंना काय दिसलं? शंभरातल्या ब्याण्णव बायकांना अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, जंतुसंसर्ग असा कुठला ना कुठला आजार होता. आणि शंभरातल्या फक्त आठ जणींची पूर्वी कधीतरी तशी तपासणी झाली होती. १९८९ साली हे छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांना मान्य करावं लागलं, की हे दुखणं आहे. ते आधीही होतंच. पण बाई सांगत नव्हती आणि कुणी विचारत नव्हतं. माझ्या त्या शेळीवालीसारखंच.

नंतर त्यांनी बाळांच्या मरणाकडे लक्ष दिलं. गावात जन्मलेलं प्रत्येक बाळ आणि गावात झालेला प्रत्येक मृत्यू, सगळ्याची नोंद. एकदा लिहून थांबले नाहीत. पुन्हा घरोघर फिरून तपासलं, की कुठलं बाळ सुटलं तर नाही? तेव्हा दिसलं, की जन्मलेल्या हजार बाळांपैकी साठेक बाळं पहिल्या महिन्यातच दगावतात. महिनाभराचंही आयुष्य नाही. मग त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायका निवडल्या. पाचवी-सातवी, कुणी दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांना शिकवलं. सुईणीबरोबर बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाला ऊब द्यायची, वजन करायचं, आजाराची खूण ओळखायची, गरज पडली तर औषध, इंजेक्शनसुद्धा द्यायचं.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण हाच भाग आपल्या उपयोगाचा आहे. त्यांनी त्या ३९ गावांबरोबर शेजारची ४७ गावंही मोजली. तिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या, पण हे नवं काम नव्हतं. कशासाठी मोजली असतील?

आपल्याला हे शेतात कळतं. समजा तुम्ही भाताचं नवं बियाणं पेरलं आणि पीक जोरात आलं. बियाणं चांगलं होतं, का त्या वर्षी पाऊसच चांगला झाला? कसं कळणार? शेजारच्या वाफ्यात जुनं बियाणं असेल तर कळेल. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला. तरी नवीन वाफा जास्त पिकला, तर श्रेय बियाण्याचं. ती ४७ गावं म्हणजे शेजारचा वाफा.

तीन वर्षांनी वह्या जुळवल्या. कामाच्या ३९ गावांत हजारी ६२ बाळं दगावत होती, ती साधारण २५ वर आली. शेजारच्या ४७ गावांत आकडा जवळजवळ होता तिथेच राहिला. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. ज्या बायकांना “तुम्हाला काय कळतंय” म्हटलं गेलं असतं, त्यांच्या कामाचा पुरावा जगाने वाचला. पुढे आशाताईंच्या घरभेटी त्यातूनच आल्या. नुसतं “आमचं काम फार चांगलं आहे हो, बायका खूश आहेत” असं सांगितलं असतं, तर कुणी ऐकलं असतं? शेजारचा वाफा होता म्हणून ऐकलं.

कुणी म्हणेल, आम्हाला लिहिता-वाचता येत नाही. त्याचंही उत्तर गडचिरोलीत आहे. लहान मुलांच्या न्यूमोनियाच्या कामात मूल मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजावं लागायचं. पन्नास-साठपर्यंत आकडे न येणाऱ्या सुईणीने कसं मोजावं? त्यांनी मण्यांचं साधन बनवलं. एका मिनिटाची वाळूची घडी उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी लाल मण्याची पाळी आली, तर मूल आजारी आहे, औषध सुरू करायचं. दहापर्यंत मोजता आलं की झालं. अडाणी असणं आणि मोजता न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुलूप लावलेलं घर

अजून एक सांगते, कारण ते आपल्या भागाशी फार जुळतं. महाराष्ट्रातल्या तेरा संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी २३१ गावांत आणि काही शहरी वस्त्यांत बालमृत्यू मोजले. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या नावाने त्यांचा अहवाल आला. सरकारी कागदावर जेवढे बालमृत्यू दिसत होते, त्याच्या कितीतरी पट जास्त मुलं खरोखर दगावत होती. ज्या बाळाची नोंदच नाही, ते कागदावर मेलंच नाही. त्यावर मोठी चर्चा झाली आणि पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यांकन समिती नेमली.

आता आपल्याकडे बघा. आपण गटांची पाहणी कधी करतो? बहुतेक वेळा जानेवारीनंतर, मार्चच्या आत, कारण वर्ष संपतं. तेव्हा पाड्यावरची कितीतरी घरं भट्टीवर गेलेली असतात. दाराला कुलूप. पाहणी करणारी ताई लिहिते, ‘घर बंद’, आणि पुढच्या दाराला जाते. म्हणजे सगळ्यात गरीब घरं आपोआप वगळली जातात आणि उरलेल्यांचा आकडा छान दिसतो. बंद घर मोजलं नाही, तर कागदावर गावात गरीब कुणी उरतच नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, पाड्यांची पाहणी पावसाळ्यात करायची, माणसं घरी असताना. आणि ‘घर बंद’ हे उत्तर मानायचं नाही. घर का बंद, कधीपासून बंद, हे शेजारणीला विचारून लिहायचं.

कर्जाबद्दलही एक मोजणी सांगते. हैदराबादच्या १०४ वस्त्यांत छोट्या कर्जांचा अभ्यास झाला. निम्म्या वस्त्यांत आधी कर्ज देणारी शाखा उघडली, निम्म्यांत नाही. पुन्हा तोच शेजारचा वाफा. हे काम करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो होते. दोघांना २०१९ साली नोबेल मिळालं. बॅनर्जींची आई मराठी, माहेरच्या पाटणकर. तर अभ्यासात काय दिसलं? ज्यांचा धंदा आधीपासून होता, त्यातल्या काहींनी तो वाढवला. पण कर्ज मिळालं म्हणून सरसकट घरांचा घरखर्च वाढला, गरिबी हटली, असं दिसलं नाही. याचा अर्थ कर्ज वाईट, असा नाही. सावकारापेक्षा आपला गट हजारपट बरा. पण कर्ज दिलं म्हणजे काम झालं, असं धरून चालता येत नाही. त्या कर्जाचं पुढे काय झालं, ते बघावंच लागतं.

चार प्रश्न आणि एक डबा चिंचोके

आता कामाचं बोलते. मी संघाच्या कार्यकारिणीपुढे एक ठराव मांडलाय. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक ग्रामसंघाने चार प्रश्न विचारायचे. चारच. चाळीस रकान्यांचा फॉर्म नको. तो कुणी भरत नाही, आणि भरला तर घरी बसून भरतात. मीही भरलेत, लपवत नाही.

पहिला प्रश्न : गटाचा हप्ता कुठून भरला? धंद्यातून, मजुरीतून, घरच्यांकडून, का दुसरं कर्ज किंवा उचल घेऊन?

दुसरा : ज्यासाठी कर्ज घेतलं, ते आज आहे का? शेळी आहे का, मशीन चालते का, दुकान उघडं आहे का?

तिसरा : संघाच्या प्रशिक्षणातून गेल्या महिन्यात तुझ्या हातात पैसे आले का? तुझ्या हातात. नवऱ्याच्या खिशात गेलेले वेगळे सांगायचे.

चौथा : तुमच्या गटातून कोण येईनाशी झाली, आणि का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर कुणी देणार नाही. “उचल घेतली” म्हणायला लाज वाटते आणि भीतीही वाटते, की पुढचं कर्ज मिळणार नाही. म्हणून चिंचोके. ग्रामसंघाच्या बैठकीत, सगळ्या गटांच्या बाया जमल्या असताना, आतल्या खोलीत चार डबे ठेवायचे. डब्यांवर चित्रं. दुकान, विळा, घर आणि सावकाराची वही. एकेकीने आत जायचं, आपला चिंचोका टाकायचा, बाहेर यायचं. कुणी टाकला ते कळणार नाही. किती पडले ते कळेल. मग सगळ्यांसमोर डबे रिकामे करायचे आणि मोजायचे. सावकाराच्या डब्यात चिंचोके जास्त पडले, तर त्या गावात आधी हप्त्याची मुदत बघायची, नवीन कर्जवाटप नंतर.

तिसऱ्या प्रश्नाचं उदाहरण देते. समजा आपण तीस जणींना शिवणकाम शिकवलं. आजच्या पद्धतीने अहवालात येईल, ‘३० महिलांना प्रशिक्षण’. टाळ्या. सहा महिन्यांनी विचारलं आणि आठच जणी कमावताना दिसल्या. मग प्रशिक्षण वाया गेलं का? लगेच तसं म्हणायचं नाही. पुढे विचारायचं, या आठ जणी कोण? समजा दिसलं, की आठही जणींच्या घरी आधीपासून मशीन होती. म्हणजे शिकवण्यात खोट नव्हती, मशीन नसणं ही अडचण होती. पुढच्या वेळी शिकवायच्या आधी मशीनची सोय बघायची. किंवा समजा दिसलं, की न शिकलेल्या बायकासुद्धा तेवढ्याच कमवायला लागल्यात, कारण जवळ कपड्याचं नवीन गोदाम सुरू झालं आणि सगळ्याच पॅकिंगला जातात. मग ती कमाई आपल्या प्रशिक्षणाची म्हणून मिरवायची नाही. शेजारचा वाफा विसरायचा नाही.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच करायची. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीला विचारून ठेवायचं, आज किती कमावतेस? कांडी भरून, गोदामात जाऊन, भाजी विकून, जे असेल ते. आधीचं लिहिलं नाही, तर नंतरचं कशाशी ताडून बघणार? आणि दोन्ही वेळा हंगाम एकच हवा. श्रावणातली कमाई आणि माघातली कमाई शेजारी ठेवून काही कळत नाही.

तीन पथ्यं. पहिलं, ज्या ताईने शिकवलं, तिनेच विचारायला जायचं नाही. तोंडावर कोण सांगेल, “ताई, तुमचा काही उपयोग झाला नाही”? दुसऱ्या गावच्या ताईने जावं. दुसरं, एकट्या बाईचं नाव आणि तिची अडचण फळ्यावर, व्हॉट्सॲपवर, अहवालात कुठेही जाणार नाही. आकडा गावाचा, नाव तिचं स्वतःचं. तिसरं, वाईट आकडा आला म्हणून कुठल्याही गटाचा दर्जा खाली आणायचा नाही. ज्या दिवशी खरं सांगणाऱ्याला शिक्षा होईल, त्या दिवसापासून सगळ्या वह्या पुन्हा छान दिसायला लागतील.

“आकड्यांनी पोट भरतं का?”

कार्यकारिणीत दोन-तीन जणींनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं मी इथे सांगते, कारण ते खोटं नाही.

एक ताई म्हणाल्या, आकड्यांनी पोट भरतं का? आधीच सीआरपींच्या डोक्यावर किती काम आहे. खरं आहे. म्हणून चारच प्रश्न, वर्षातून दोनदा. आणि त्या बदल्यात आपले तीन जुने तक्ते बंद करावेत, असंही ठरावात आहे. ते तक्ते आपण भरतो, पण एकदा तरी कुणी उघडून त्यावरून काही ठरवलंय का? ज्या आकड्यावरून काही बदलणार नाही, तो गोळाच करू नये.

दुसऱ्या ताई म्हणाल्या, देणगी देणाऱ्यांना हे दाखवलं तर ते निघून जातील. आपल्याकडे आसपास एवढी गोदामं, कंपन्या. नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचा कायदा २०१३ साली झाला, तेव्हापासून बरेच जण येतात. मशीन देतात, दप्तरं देतात. वाटपाच्या दिवशी फोटो निघतो. वाटपानंतर सहा महिन्यांनी फोटो काढायला कोण येतं? देणारे मनाने वाईट नसतात. त्यांना आपण मागे जे दाखवलं, तेच ते पुन्हा मागतात. मोठ्या प्रकल्पांना तर २०२१ पासून परिणामाचं मूल्यांकन बाहेरच्यांकडून करून घ्यावंच लागतं. मग ते बाहेरचे येऊन आपल्याबद्दल लिहितील त्याआधी आपलं आपल्याला माहीत असलेलं बरं. “साहेब, तीस मशीनपैकी बावीस बंद आहेत, दुरुस्तीला माणूस नाही, या वेळी नवीन मशीन नकोत, दुरुस्तीचं शिकवणारा द्या,” असं सांगणारा संघ आणि हात पसरणारा संघ यात फरक आहे. कुणी निघून गेला, तर जाऊ दे. पण विचारी माणूस थांबेल.

तिसरी हरकत मला सगळ्यात पटली. एक मावशी म्हणाल्या, “सगळं मोजता येतं का गं? मी पंधरा वर्षांपूर्वी घराबाहेर पडत नव्हते. आज ग्रामसभेत बोलते. ते कुठल्या डब्यात टाकशील?” मावशी, ते कुठल्याच डब्यात मावणार नाही. म्हणून चिंचोके मोजून झाले की दोन बायांचं बोलणं शांतपणे ऐकायचं आणि इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहायचं. किती जणींच्या बाबतीत घडलं ते आकडा सांगतो. का घडलं ते बाईच सांगते. मला जर त्या बाईने “तुम्ही विचारलंच नाही” असं सुनावलं नसतं, तर माझी वही आजही शंभर टक्के बरोबर असती.

आता ठराव. तीन ग्रामसंघांत एक वर्ष हे करून बघायचं. बाकीच्या ग्रामसंघांत नेहमीसारखं काम चालू राहील, पण पहिल्या प्रश्नाचे चिंचोके तिथेही टाकून घ्यायचे. शेजारचा वाफा, लक्षात आहे ना? वर्षाने बघू. फरक पडला नाही, तर मी इथेच उभी राहून सांगेन की फरक पडला नाही, आणि दुसरं काहीतरी शोधू. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. मान्य नाही त्यांनीही करा, तोही आकडा लिहून घेणार आहे.

आणि ती बाई. तिच्यावरची उचल अजून पूर्ण फिटलेली नाही, म्हणून आज ती इथे नाही. गटाने मागच्या महिन्यात तिला लावलेला गैरहजेरीचा दंड परत केला. तिच्या घरी जाऊन, हातात दिला. दंड छोटा होता, पण वहीत त्या नोंदीपुढे कारण लिहिलंय : ‘आम्ही विचारलं नव्हतं.’

एवढंच. चला, आता जेवून घेऊ.